शून्य क्लोराइडची बाटली

त्रिएस्ते,
रविवार, १७ मे १९९८

प्रिय निवेस,

हे पत्र आणि सोबतच्या खोक्यातली बाटली बोग्दान मंगळवारी दुपारच्या आत तुझ्या संस्थेच्या फाटकावर आणून देईल. बोग्दान म्हणजे म्युनिकच्या बसचा चालक, आमच्याकडून दर महिन्याला लाल वाइनचे दोन कॅन नेणारा. तू त्याला आमच्या अंगणात पाहिले आहेस. बाटली आडवी करू नकोस असे मी त्याला तीनदा सांगितले. तेव्हा तो म्हणाला, "काय रे, बॉम्ब आहे का आत?" मी म्हणालो, "नाही, पाण्यासारखंच आहे." "मग पाण्याला एवढं काय जपतोस? सासऱ्याला पाठवतोयस का?" त्याने ती आपल्या जेवणाच्या डब्याशेजारी उभी ठेवली आहे.

महत्त्वाचे आधी लिहितो, म्हणजे तू उभ्या उभ्या वाचत असलीस तरी ते सुटणार नाही. तुझ्या लेखाची मुद्रिते शुक्रवारी, २२ तारखेला, चार वाजेपर्यंत मासिकाकडे परत जायची आहेत. त्या लेखातली चौथी आकृती चुकीची आहे. चूक तुझ्या हातून झालेली नाही आणि यंत्राचीही नाही. ती माझ्या हातून झाली, आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत होत राहिली. तुझी तिकडची नेमणूक पुढे वाढवायची की नाही हे जूनच्या बैठकीत याच लेखावरून ठरणार आहे, हे मला माहीत आहे. म्हणून सगळे क्रमाने लिहितो. क्रम सोडला की मी गडबडतो हे तुला ठाऊकच आहे.

माझी सुरुवात बेडकांपासून झाली. बाबा शिडीवरून पडले तेव्हा मी तांत्रिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाला होतो. ते सहा महिने पडून राहिले, मी शाळा सोडली, आणि द्राक्षवेलींची छाटणी आटोपल्यावर इथल्या संस्थेत बेडकांच्या टाक्या धुवायला लागलो. पुढे काचसामान धुवायला मिळाले. मग एकदा प्रयोगशाळेच्या प्रमुख ओरिएत्ता बाईंनी माझी वही पाहिली, त्यात मी टाकीच्या पाण्याचे तापमान दिवसातून चार वेळा लिहून ठेवत होतो. त्या म्हणाल्या, "या मुलाला बाटल्या द्या. हा चुकायला घाबरतो." त्यांनी ते कौतुकानेच म्हटले होते. तेव्हापासून प्रयोगांचे सगळे द्राव मी करतो. तू आलीस तेव्हा मला त्या कामात दोन वर्षे झाली होती. पहिल्याच आठवड्यात तू माझी चिठ्ठी वाचून हसलीस. "इगोर, तुझी इटालियन शब्दकोशासारखी आहे. एक चूक नाही, आणि अशी कुणी बोलतही नाही." मी स्लोवेन शाळेत शिकलो, म्हणून इटालियन लिहिताना प्रत्येक शब्द तपासतो. हेही पत्र तपासले आहे.

तू कशाच्या मागे आहेस हे मला बाटल्यांवरून कधी कळले नसते. ते कळले आमच्या अंगणात. तू संस्थेत आलीस त्याच वर्षी नोव्हेंबरात आमची ओस्मित्सा उघडली होती, अंगणात बाक मांडून घरची वाइन विकायला ठेवली होती, रस्त्याच्या वळणावर आयव्हीची डहाळी टांगली होती, आणि तू शहरातून बसने एकटीच आलीस. आईने तुझ्यापुढे उकडलेली अंडी, पाव आणि बाबांनी खारवलेल्या प्रशुतचे, डुकराच्या मांडीचे, पातळ काप ठेवले. बाबांनी विचारले, "आमचा पोरगा तिकडे करतो तरी काय? विचारलं तर म्हणतो, पाणी करतो. पाणी तर देव करतो." तू त्यांना समजावलेस. नाकात वास ओळखणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना केसांसारखे बारीक तंतू असतात. वासाचा कण तिथे येऊन टेकला की एक लहान दार किलकिले होते आणि त्यातून थोडे कॅल्शियम आत शिरते. ती टकटक फार हळू असते, मेंदूपर्यंत पोचेलच असे नाही. पण आत शिरलेले कॅल्शियम दुसरे, मोठे दार उघडते, आणि त्या दारातून क्लोराइड बाहेर पळते. क्लोराइड म्हणजे उणा भार. उणे बाहेर गेले की आत अधिक वाढते, आणि हळू टकटकीचा मोठा आवाज होतो. तू म्हणालीस, "दारात कुणी खाकरलं की काकू अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारतात ना, तसं." आई म्हणाली, "मी कुठे ओरडते?" आणि हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या बाकावरची माणसे हसली.

बाबांना मात्र क्लोराइडच आवडले, कारण ते अर्धे मीठ असते. ते म्हणाले, "इतर पेशी काय करतात मग?" तू म्हणालीस, इतर बहुतेक चेतापेशी क्लोराइड बाहेर ठेवतात, दार उघडले की ते आत येते आणि पेशी शांत होते. नाकातली पेशी आधीपासून आत साठवून ठेवते, म्हणून तिचे दार उघडले की ती शांत न होता उठून बसते. बाबा बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे उलट्या खोपडीचं नाक. आणि तुम्हाला त्याच्यावर पगार मिळतो? मी चाळीस वर्षं मांड्यांना मीठ चोळतोय, मला कोणी डॉक्टर नाही म्हटलं." तू त्यांना डॉक्टर म्हटलेस आणि परत जाईपर्यंत तसेच म्हणत राहिलीस. बसच्या थांब्यापर्यंत मी तुझ्याबरोबर आलो. बोरा वारा इतका होता की बोलता येत नव्हते, आणि मला ते बरे वाटले होते.

आता बाटलीकडे येतो. तुझ्या प्रयोगात बेडकाच्या नाकातल्या पेशीचा एकच तंतू काचेच्या नळीत ओढून तोडायचा, म्हणजे त्याची आतली बाजू माझ्या द्रावात उघडी पडते. मी जे करीन तेच त्याच्या आत. त्या द्रावात कॅल्शियम असेल आणि क्लोराइडही असेल तर प्रवाह वाहतो. क्लोराइड काढून घेतले तर मोठे दार उघडूनही बाहेर पळायला काही उरत नाही, म्हणून प्रवाह शून्य यायला हवा. त्यासाठी शून्य क्लोराइडची बाटली लागते. तिच्यातले प्रत्येक द्रव्य निराळ्या डब्यातले, महागडे, क्लोराइडविना मिळणारे. मी ती चमचे वेगळे ठेवून करत असे. द्रावाच्या कृतीच्या तक्त्यातली शेवटची ओळ अशी आहे: आम्लता पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ७.२ वर आणावी. आम्लतेच्या मापकावर ती काटेकोर आणता येते. बाई पाच मिनिटांत आणतात. ७.२४ आले तर ७.२४ ठेवतात. मला ते जमत नाही. ७.२३ दिसले की मला वाटायचे, कुणीतरी वाकडा खिळा मारून निघून गेले आहे. मापकाशेजारच्या फळीवर हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली कायम असते, इतर साध्या द्रावांना ती लागते. मी तिचा थेंब टाकत असे. ७.१८ होई. मग अल्कलीचा थेंब. ७.२२. पुन्हा आम्ल. कधी दहा थेंब गेले, कधी तीस, मोजले नाहीत. ७.२० येऊन आकडा हलेनासा झाला की मी झाकण लावायचो आणि लेबलावर लिहायचो, ७.२०.

हायड्रोक्लोरिक आम्लात काय असते हे तुला सांगायला नको. मलाही ठाऊक होते. नावातच आहे, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत मी रसायनशास्त्रात वाईट नव्हतो. पण मी क्लोराइड घालतो आहे हे माझ्या मनात कधी आले नाही. द्रव्ये म्हणजे जी तराजूवर तोलायची ती. आम्ल माझ्या लेखी द्रव्य नव्हते, ती दुरुस्ती होती. दुरुस्ती वहीत लिहायची पद्धत नाही. म्हणून माझ्या वहीत ती कुठेही नाही, तुझ्या वहीत नाही, आणि लेखातही नाही.

तुला तो गुरुवार आठवत असेल. गेल्या वर्षीचा मे. मी खाली नळ्या धूत होतो आणि तू जिन्यावरून ओरडत आलीस, "इगोर, वर ये! वर ये, हात नको पुसूस!" वर पडद्यावर रेघ होती. शून्य क्लोराइडमध्ये ती सपाट राहायला हवी होती. कॅल्शियम लागताच ती थोडी खाली वाकत होती. थोडीच, पण दर वेळी. तू म्हणालीस, "बघ, क्लोराइड नाही आणि तरी काहीतरी वाहतंय. म्हणजे तिथे आणखी एक दार आहे. कुणी पाहिलेलं नाही असं." मी विचारले, "बाईंना सांगितलं?" तू म्हणालीस, "आधी तुला." माझ्या कोपरांवरून पाणी ठिबकत होते.

बाईंनी विश्वास ठेवला नाही. "नवं दार सापडलं म्हणणाऱ्यांनी आधी जुनं नीट लागलंय का ते बघावं," असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि तू ते मनावर घेतलेस. दोन महिने तू एकेका गोष्टीवर संशय घेत गेलीस. चांदीच्या तारा बदलल्यास. मिठाचे पूल बदललेस. काच बदललीस, पाणी दुसऱ्या इमारतीतून आणलेस, बेडूक दुसऱ्या व्यापाऱ्याकडून मागवलेस. माझी बाटली बदलली नाहीस. जुलैत बाईंनी विचारले तेव्हा मी तिथेच होतो. "आणि द्राव?" त्यांनी विचारले. तू म्हणालीस, "द्राव इगोरचे आहेत. ते बघायची गरज नाही." तरीही, न्यायाने लिहायचे तर, त्या दिवशी संध्याकाळी बार्कोलाच्या धक्क्यावर आपण पाय सोडून बसलो असताना तू मला एकदा विचारले होतेस: "तक्त्याबाहेरचं काही टाकत नाहीस ना रे?" मी म्हणालो, "तक्त्यात आहे तेवढंच." मी खोटे बोललो नव्हतो. मला तसेच वाटत होते. तू माझा हात हातात घेतलास आणि विषय संपला.

प्रवाह कधी जास्त उरायचा, कधी कमी. तू म्हणायचीस, पेशींचे मूड असतात.

डिसेंबरात लेख लिहून झाला. शेवटी आभार होते, आणि त्यात माझे नाव, "द्राव अत्यंत काळजीपूर्वक तयार केल्याबद्दल". आईने त्या पानाची झेरॉक्स स्वयंपाकघरात कपाटाच्या काचेमागे लावली. जो येतो त्याला ती दाखवते. पाद्रीबुवांना दाखवली. पोस्टमनला दाखवली, तो म्हणाला, "यात काय लिहिलंय?" तर म्हणाली, "मला तरी कुठे कळतंय, पण हे बघ, हे नाव." ती झेरॉक्स अजून तिथेच आहे. मी काढली असती तर का काढली हे सांगावे लागले असते.

जानेवारीत तू गेलीस. स्टेशनवर तू म्हणालीस, "म्युनिकमध्येही बाटल्या करायला माणूस लागतो, बरं का." मी म्हणालो, "बघू." गाडी सुटायला तेव्हा नऊ मिनिटे होती. त्या नऊ मिनिटांत मी तुझ्या पेटीचा पट्टा दोनदा घट्ट केला. तू खिडकीतून म्हणालीस, "डॉक्टरांना नमस्कार सांग," आणि मी सांगितला.

आता एप्रिल. मी चार दिवस घरी होतो, वेलींना औषध फवारायचे होते. बाईंना मासिकाच्या परीक्षकाच्या एका प्रश्नासाठी तुझाच प्रयोग पुन्हा करून एक नमुना ठेवायचा होता. शून्य क्लोराइडची बाटली संपलेली होती, म्हणून त्यांनी स्वतः केली. मी परतलो तेव्हा त्या मापकापाशी लेबल लिहीत होत्या. ७.२४. मी म्हणालो, "बाई, मी नीट करून देऊ का?" त्या म्हणाल्या, "आकड्याशी लग्न लावायचंय का तुला? बेडकाला शतांश कळत नाही." मग त्यांनी दिवसभरात सात तंतू पाहिले. सातही वेळा रेघ सपाट. उरलेला प्रवाह नव्हता, एकदाही नाही. बाईंनी खांदे उडवले. "वसंतातले बेडूक," म्हणाल्या. "विणीच्या दिवसांत यांचं काही खरं नसतं. जूनमध्ये बघू." आणि दुसऱ्या दिवशी त्या रोमच्या बैठकीला गेल्या.

त्यांना बेडूक दिसले. मला ते लेबल दिसत होते. दोन बाटल्यांत फरक फक्त चार शतांशांचा होता, आणि बेडकाला शतांश कळत नाही हे बाईंचे म्हणणे खरे होते. मग त्याला काय कळले? मी दोन दिवस हा विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी २८ एप्रिलला, सकाळी इतर येण्याआधी, मी शाळेत शिकलेली एकमेव परीक्षा केली. तुझ्या नोव्हेंबरच्या प्रयोगांतली एक बाटली शीतपेटीत पार मागे, नजरेआड उरली होती, माझ्या हातचे लेबल, ७.२०. तिच्यातला थोडा द्राव एका परीक्षानळीत घेतला. बाईंच्या बाटलीतला दुसरीत. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे दोन दोन थेंब टाकले. क्लोराइड नसेल तर द्राव स्वच्छ राहतो. बाईंचा स्वच्छ राहिला, जवळजवळ. माझ्या नळीत वरून एक पांढरा धागा सुटला, तळाशी गेला, आणि पाहता पाहता सगळी नळी पाणी घातलेल्या दुधासारखी झाली.

एक नळी पुरावा होत नाही, म्हणून मी वह्या काढल्या. थेंब मी लिहिलेले नव्हते, पण वेळ लिहिली होती. तुला ती माझी सवय माहीत आहे, तू तिला आजार म्हणायचीस. प्रत्येक बाटली मी किती वाजता सुरू केली आणि किती वाजता झाकण लावले, सगळे आहे. काही बाटल्या वीस मिनिटांत झाल्या होत्या. एक, १२ सप्टेंबरची, एक तास दहा मिनिटे चालली होती. त्या दिवशी मापकाचा आकडा स्थिर राहत नव्हता आणि मी घामाघूम झालो होतो. या वेळा मी तुझ्या प्रयोगवहीच्या प्रतीशेजारी ठेवल्या आणि एकूण एकतीस बाटल्यांचा तक्ता केला. तो सोबत आहे, दोन पाने. तो तूच बघ, मला आकडेवारीतले फार समजत नाही. पण जे दिसते ते मलाही दिसते. जितका वेळ मी बाटलीपाशी बसलो, तितके तुझे नवे दार मोठे झाले. १२ सप्टेंबरच्या बाटलीने तुला सगळ्यात सुंदर नोंद दिली. चौथ्या आकृतीत वर डावीकडे तीच आहे.

नवे दार नाही, निवेस. जुनेच दार उघडत होते आणि मी टाकलेले क्लोराइड बाहेर जात होते.

यापुढचे मला नीट जमेल की नाही ठाऊक नाही. २८ एप्रिलला मी ते पाहिले, आणि आज १७ मे आहे. एकोणीस दिवस. या दिवसांत बाई दोनदा माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि मी त्यांना टाक्यांच्या पाण्याबद्दल सांगितले. गेल्या सोमवारी तुझी मुद्रिते फॅक्सने इकडे आली, मी ती त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिलो असे तुला वाटेल. नोकरीचे मला एवढे नाही. वेली आहेत, बाबा आता मांड्या उचलू शकत नाहीत, घरी काम आहे. आईने एका संध्याकाळी विचारलेही, "काय झालंय तुला? बेडूक मेले का?" मी म्हणालो, नाही. "मग ती मुलगी लग्न करतेय का कुणाशी?" मी म्हणालो, नाही गं. "मग काय मेलंय? जेवत का नाहीस?" बाबा म्हणाले, "सोड त्याला. काहीतरी सात पूर्णांक काहीतरी असेल."

मी गप्प राहिलो याचे कारण त्या सकाळी नळीसमोर घडले. पांढरा धागा तळाशी पोचला आणि मला काय झाले ते कळले, त्याच क्षणी, भीती वाटण्याच्याही आधी, मला आनंद झाला. लेख पडेल, जूनची नेमणूक होणार नाही, आणि तू घरी येशील, असा तो आनंद होता. फार वेळ टिकला नाही, पण तो आधी आला, हे मी नाकारू शकत नाही. त्यानंतर बाईंच्या खोलीकडे निघालो की दर वेळी मला वाटायचे, मी खरे सांगायला चाललो आहे की तुला परत आणायला? दोन्हींचा रस्ता एकच होता. म्हणून मी अर्ध्या जिन्यावरून परत फिरायचो. एकदा बाईंच्या दाराची मूठही धरली होती. मग मला वाटले, न सांगणे हेच जास्त प्रामाणिक आहे. हे किती चुकीचे आहे ते आज लिहून पाहिल्यावर दिसते.

शेवटी काय करायचे ते मी हिशेब मांडून ठरवले. मी बाईंना सांगितले तर तू पकडली गेलेली ठरशील. तू स्वतः सांगितलेस तर तू ते पकडलेस असे होईल. म्हणून बाटली तुझ्याकडे पाठवतो आहे. माझे लेबल तसेच आहे, आत एकशे चाळीस मिलिलिटर शिल्लक आहे. परीक्षा तू स्वतः कर. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब पुरतात. तक्ता आहे, वहीच्या पानांच्या प्रती आहेत, आणि वेगळ्या कागदावर मी सही करून लिहिले आहे की आम्ल मी टाकले आणि तुला ते सांगितले नाही. तो कागद तू कुणालाही दाखवू शकतेस. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे तीन दिवस तुझे आहेत. बाईंचा फॅक्स क्रमांक बदललेला नाही. तुझा फॅक्स आला नाही तर शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी त्यांच्या दारावर टकटक करीन, आणि या वेळी मूठ फिरवीन. तुला फोनही करता आला असता. आईने दोनदा नंबर फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि मी दोन्ही वेळा ठेवून दिला. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी आकृतीबद्दल सांगून थांबलो नसतो, लगेच पुढचे एक वाक्य बोलून गेलो असतो, आणि मग खरे कुठे संपले आणि माझा स्वार्थ कुठे सुरू झाला हे तुला कधीच कळले नसते. कागदावर ते वाक्य गाळता येते. हे पत्र मी चार वेळा लिहिले. पहिल्या तिन्ही प्रतींत ते वाक्य शेवटी आहे. या प्रतीत मी ते लिहिलेले नाही.

तुझाच,
इगोर